समेवर नेणाऱ्या कळा

या सदराच्या जुन्या वाचकांना हे सांगावयास नकोच की, यंत्र आणि आम्ही यांचे फारसे कधी जमले नाही. घरातील मिक्सर बिघडला की तो दुरुस्तीस नेण्याऐवजी आम्ही पाट्यावरवंट्याची थोरवी सांगू लागतो, असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे आहे आणि ते सर्वस्वी खोटे नाही. अशा माणसाने संगणकावर स्वरलिपी लिहावयास बसावे, आणि वर कळफलकावरील कोणती कळ कोठे नेते याविषयी या पानावर लिहावे, याचे कोणास नवल वाटले तर आम्ही दोष देणार नाही. परंतु गेल्या सहा महिन्यांत या कळांपायी आमची एकदा चांगलीच फजिती झाली, आणि त्या फजितीतून एका गोष्टीची लाज वाटू लागली. ती मनातून जात नाही, म्हणून लिहितो.

निमित्त झाले वडिलांच्या वहीचे. आमचे तीर्थरूप ग्वाल्हेरला, लष्करातील एका शाळेत, संगीत शिकवीत असत. त्यांच्या मागे एक तानपुरा आणि लाल कापडी बांधणीची एक लांबट वही, एवढाच सांगण्याजोगा ऐवज राहिला. वहीत शाळेच्या प्रार्थना आहेत, छोटे ख्याल आहेत, मुलांच्या गळ्याला पेलतील अशा त्यांनी स्वतः बांधलेल्या काही चाली आहेत. आणि हे सारे भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, समेला गुणाकाराची खूण आणि खालीला शून्य. शाई आता तपकिरी पडली आहे. कागदाच्या कडा बोट लागताच झडतात. मंद्राचे टिंब कोणते आणि कसरीने पाडलेले भोक कोणते, हे काही पानांवर भिंग घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

ही लिपी आमच्या गावाला परकी नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने 1916 साली बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि दोनच वर्षांनी, 1918 साली, माधवराव शिंदे महाराजांच्या आश्रयाने ग्वाल्हेरात माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. बडोद्याचे वाचक येथे आम्हांस थांबवून म्हणतील की, आमच्या मौलाबक्षांची गायनशाळा तर 1886 सालची, आणि स्वतःची स्वरलिपीही त्यांनी सिद्ध केली होती. तेही खरेच. गाणे कागदावर उतरविण्याचा पुष्कळसा खटाटोप आपल्या या संस्थानी गावांतून झाला आहे, आणि कागदावर गाणे मावते काय, असे विचारून मान फिरविणारे बुवा तेव्हाही होते.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या टोरांटोस वाढली. तेथे ती शाळेच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजविते. मराठी छान बोलते; मात्र देवनागरी वाचताना अडखळते, आणि स्वरलिपी म्हणाल तर पाश्चात्त्यांची पाच रेघांचीच तिला वाचता येते. गेल्या दिवाळीत तिचा फोन आला. "काका, आजोबांच्या वहीतली एक तरी चाल मला वाजवायची आहे. मला वाचता येईल अशी लिहून पाठवाल?" आजोबांना तिने कधी पाहिलेले नाही. त्या एका वाक्यानंतर आम्ही यंत्राविषयीची आमची तत्त्वे बासनात गुंडाळून ठेविली.

बंधूंनी फोनवरूनच 'म्यूझस्कोअर' नावाची एक प्रणाली संगणकावर उतरवून घेण्यास सांगितले. वेर्नर श्वेअर नावाच्या एका जर्मन गृहस्थांनी 2002 साली तिचा आरंभ केला. ती विनामूल्य आहे, आणि जगभरातील पुष्कळ लोक मिळून ती वाढवीत असतात. 2022 च्या डिसेंबरात तिची चौथी आवृत्ती निघाली. आम्ही जे सांगणार आहोत ते या चौथ्या आवृत्तीचे, आणि विंडोज असलेल्या संगणकाचे. ॲपलचा संगणक असेल तर 'कंट्रोल'च्या जागी तेथील 'कमांड' कळ समजावी.

षड्जाला पाश्चात्त्यांचा 'सी' मानला की काम पुष्कळ सोपे होते. 'एन' ही कळ दाबली की लेखन सुरू होते आणि मग सी, डी, ई, एफ, जी, ए, बी या अक्षरांच्या कळा अनुक्रमे सा, रे, ग, म, प, ध, नी होतात. पहिले आठ दिवस आमचे बोट गांधारासाठी हटकून 'जी'कडे जाई आणि कागदावर पंचम उमटे! आकड्यांच्या कळांनी काळ ठरतो: 5 म्हणजे एक मात्रा धरली, तर 4 म्हणजे अर्धी आणि 6 म्हणजे दोन. येथे एक सूचना करून ठेवितो. आपल्या स्वरलिपीत स्वरापुढे जी आडवी रेघ येते ती स्वर लांबविण्याची खूण आहे. नवशिका तिच्या जागी शून्याची कळ दाबून मोकळा होतो, आणि शून्याने उमटते ती विश्रांती. लांबलेला गांधार आणि तुटलेला गांधार यांतले अंतर गाणाऱ्याला सांगावयास नको.

लिहिणे जमले. घोटाळा झाला तो लिहिलेल्यात फिरताना.

प्रारंभी आम्ही माऊसनेच फिरत होतो. पन्नाशी उलटल्यापासून आमच्या उजव्या मनगटात एक बारीक कंप शिरला आहे. फळ्यावर खडूने लिहिताना तो लपतो, माऊस हाती येताच उघडा पडतो. पाच रेघांमधील एखाद्या इवल्या स्वरावर बाण नेऊन टिचकी मारावी, तर टिचकी शेजारच्या स्वरावर पडे; किंवा स्वर बोटाला चिकटल्यासारखा वर ओढला जाई. म्हणून आम्ही बाणांच्या कळांकडे वळलो. डावा आणि उजवा बाण अत्यंत शहाणे: उजवा दाबावा की पुढचा स्वर, डावा दाबावा की मागचा. यावरून आम्ही, पत्रे टंकण्याच्या सवयीने, असा समज करून घेतला की वरचा बाण वरच्या ओळीत नेत असेल आणि खालचा खालच्या. या समजाने घात केला.

चाल होती भूप रागातील एक प्रार्थना, त्रितालातील. वर व्हायोलिनची ओळ, खाली हार्मोनियमची. व्हायोलिनच्या ओळीत समेच्या गांधारावर आम्ही उभे होतो आणि खालच्या ओळीत उतरावे म्हणून खालचा बाण दाबला. म्यूझस्कोअरमध्ये निवडलेल्या स्वरावर खालचा बाण दाबला की तो स्वर अर्ध्या स्वराने खाली येतो. शुद्ध गांधाराचा कोमल गांधार झाला. नातवंडासारख्या सांभाळलेल्या त्या कागदावर 'ई'च्या पुढे एक चिमुकले 'बी'सारखे चिन्ह उमटले आणि आमच्या चष्म्याला ते दिसले नाही. स्वर बदलताना संगणक तो वाजवून दाखवितो; पण शेजारच्या खोलीत चिरंजीवांचा परीक्षेचा अभ्यास चालला होता, म्हणून आवाज आम्हीच बंद ठेविला होता. आपण खाली उतरलो नाही एवढेच ध्यानात आले. तेव्हा माऊसने उतरलो, काम पुरे केले आणि ते टोरांटोस धाडून दिले.

दहा दिवसांनी पुतणीने वाजवून ध्वनिमुद्रण पाठविले. जाणकारांच्या ध्यानात आलेच असेल की भूपाचे सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर घेऊन केवळ गांधार कोमल केला तर शिवरंजनी होतो. सकाळच्या प्रार्थनेसाठी मुलांना शिकविलेली ती प्रसन्न चाल, आणि तिच्या ऐन समेवर, भूपाचा जो वादी स्वर त्याच स्वराच्या जागी, एकदम एक सुस्कारा! ती बिचारी कागदावर होते तेच इमानाने वाजवीत होती. वर लिहिले होते, "काका, आजोबा फार हळवे होते का?"

काय बिघडले आहे हे कानाला कळत होते. मात्र कोठे बिघडले आहे हे आम्हांस कागदावर सापडेना. गाणे पुढे धावते आणि डोळा मागे राहतो. शेवटी आम्ही संगणकाची ती छोटी पेटी काखोटीस मारून शाळेत नेली. आमच्या शाळेत अकरावीला एक विद्यार्थी आहे. जन्मापासून त्याला दृष्टी नाही. हार्मोनियम उत्तम वाजवितो, आणि कान असे की मधल्या सुटीची घंटा कोणत्या शिपायाने दिली हे वर्गातून सांगतो. त्याला ध्वनिमुद्रण ऐकविले. तो म्हणाला, "सर, दुसऱ्या आवर्तनाची सम. गांधार उतरलाय. तुमची फाइल उघडा, मी दाखवतो."

'मी दाखवतो' या शब्दांवर आम्ही मनातल्या मनात थबकलो. त्याने खुर्ची ओढून घेतली. सुटीत एका प्रशिक्षणवर्गात जाऊन तो संगणक शिकून आला होता, हे आम्हांस तेव्हा कळले. आपल्या खिशातील पेनड्राइव्हवरून त्याने 'एनव्हीडीए' हा पडदा वाचून दाखविणारा कार्यक्रम सुरू केला. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील तरुणाने 2006 साली तो तयार करावयास घेतला; तो स्वतः अंध आहे, आणि दृष्टिहीनांना संगणकाशी बोलण्याची साधने विकत घ्यावी लागू नयेत म्हणून हा कार्यक्रम विनामूल्य ठेविला आहे. माऊस त्या मुलाने हाताने चाचपून बाजूला सरकवला, जसा आपण जेवताना पाण्याचा पेला सरकवितो.

मग त्याने विचारले, "सर, बंदिश कोठून उठते?" खालीपासून, नवव्या मात्रेपासून, आम्ही म्हणालो. "म्हणजे सम तिसऱ्या विभागात, आणि पुढची सातव्या." त्याने कंट्रोलसह 'एफ' दाबला, 7 टंकले आणि एंटर दाबले. यंत्र इंग्रजीत काहीतरी इतक्या वेगाने पुटपुटले की आमच्या पदरी एक शब्दही पडला नाही. तो मात्र हसला. "बघा, ई फ्लॅट म्हणतोय." वरचा बाण एकदा दाबला. गांधार जागेवर आला. सारे मिळून अर्धे मिनिटही लागले नसेल.

आता या कळा थोड्या उलगडून सांगतो. कारण आपल्या घरांतून पुष्कळ मुले कॅसिओवर, व्हायोलिनवर, गिटारवर बसू लागली आहेत आणि त्यांच्या आईवडिलांना हे उपयोगी पडेल.

पाश्चात्त्य स्वरलिपीत उभ्या रेघांनी जी घरे पाडलेली असतात त्यांतील एक घर चार मात्रांचे धरले, तर आपल्या त्रितालाचा एक विभाग होतो आणि अशा चार घरांचे एक आवर्तन. कंट्रोल धरून उजवा बाण दाबला की आपण पुढच्या घराच्या आरंभी जातो, डावा दाबला की मागच्या. म्हणजे समेवर उभे राहून ही जोडी चार वेळा दाबली की पुढची सम! तबलजी बोटांवर जे मोजतो तेच येथे बोटे दाबून मोजावयाचे. आमची प्रार्थना खालीपासून उठत असल्यामुळे समा 3, 7, 11, 15 या घरांत येतात. तेव्हा कंट्रोल-एफ करून आकडा सांगितला की थेट तेथे. अंताऱ्याच्या आरंभी कंट्रोल-एमने एक खूण ठेविता येते. ती अक्षराने उमटते, आणि तेच अक्षर कंट्रोल-एफच्या चौकटीत टंकले की आपण अंताऱ्यावर येतो. आरंभाला जावयाचे तर कंट्रोल-होम, अखेरीस कंट्रोल-एंड. जेथे उभे असू तेथून ऐकावयाचे तर लांब कळ, जिला आपण स्पेसबार म्हणतो, ती दाबावी. पुन्हा दाबली की थांबते. शिफ्ट जोडीला घेतली तर चालता चालता मागचा भाग निवडला जातो: शिफ्ट आणि बाणाने एकेक स्वर, शिफ्ट-कंट्रोल आणि बाणाने एकेक विभाग.

आणि आमचा घात करणारी वर-खालीची जोडी? वरच्या-खालच्या ओळीत जाण्यासाठी बाणाबरोबर आल्ट धरावयाचा असतो. नुसता बाण स्वर अर्ध्या पायरीने हलवितो; कंट्रोलसह बाण अख्खे सप्तक बदलतो. एका बोटाच्या चुकीने मंद्र पंचम मध्यात यावा, अशी ही तलवारीची धार आहे. ज्याला टंकलेखनाची सवय आहे त्याने ही एक गोष्ट प्रथम हातात मुरवावी, बाकीच्या सावकाश शिकाव्यात. चूक झालीच तर कंट्रोल-झेड आहेच. पण चूक झाली हे कळल्यावरच तो उपयोगी पडतो.

आल्ट आणि उजवा बाण ही जोडी आम्हांस त्या मुलाने शिकविली. तिचे महत्त्व डोळस माणसाला एकदम कळणार नाही. नुसता उजवा बाण स्वरावरून स्वरावर उडी घेतो. आल्टसह तो वाटेतील प्रत्येक वस्तूपाशी थांबतो: तालाची खूण, उभी रेघ, स्वराखालचे शब्द, मोठ्याने-हळू वाजविण्याची खूण, काही सोडीत नाही. पडद्याच्या तळाशी एका ओळीत, आपण कोणत्या स्वरावर, किती काळाच्या, कितव्या घरात, कितव्या मात्रेवर आणि कोणत्या वाद्याच्या ओळीत आहोत, हे इंग्रजीत लिहून येत असते. एनव्हीडीए असाच मजकूर वाचून दाखवितो. आम्ही महिनाभर त्या ओळीकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. ती वाचली असती तर कोमल गांधार तेव्हाच पकडला असता.

आम्ही त्याला विचारले, "तुला हे सारे पाठ कसे राहते रे?" तो म्हणाला, "पाठ करावं लागत नाही, सर. तुम्ही बाण नेऊन पानावर जागा शोधता. मला पान नाहीच. मी गाण्यात चालतो." आमच्या एम.ए.च्या पदवीला, गेली तीस वर्षे शिकविलेल्या अलंकारशास्त्राला, हे वाक्य इतक्या सहजतेने सुचले नसते.

आता ती लाजेची गोष्ट. आमच्या शाळेत संगणकाचा तास आहे. पहिला धडा 'माऊसची ओळख' हा. तो मुलगा नववीत आमच्याकडे आला तेव्हा शिक्षकांनी आम्हांस विचारले होते की, या तासाला त्याचे काय करावे. आम्ही सांगितले, "बसू द्या वर्गात, कंटाळला तर संगीताच्या खोलीत पाठवा." दयाबुद्धीने सांगितले असे आम्ही तेव्हा समजत होतो. दोन वर्षे तो त्या तासाला हात मांडीवर ठेवून बसला. शाळेच्या वाद्यवृंदासाठी त्याने दोन सुरेख धुना बांधल्या. त्या दर वेळी दुसऱ्या कोणीतरी ऐकून लिहून घेतल्या, आणि जे लिहिले गेले ते त्याने सांगितले तेच आहे काय, हे तपासण्याचा मार्ग त्याच्याजवळ नव्हता. एक धून मागच्या स्वातंत्र्यदिनी वाजली. तिच्यात एक स्वर चुकीचा लिहिला गेला होता, हे त्याने त्या दिवशी ऐकले, आणि आम्हांस आता सांगितले. "तेव्हा का बोलला नाहीस?" असे विचारल्यावर म्हणाला, "लिहिणाऱ्याने कष्ट घेतले होते, सर." आपल्या घरी आलेला एक चुकीचा गांधार दुरुस्त व्हावा म्हणून आम्ही गावभर धावलो होतो.

माऊसची ओळख हा धडा आम्ही यंदा मागे ढकलला आहे. प्रथम कळफलक; तोही सर्वांना. आमच्या संगणक-शिक्षकांनी थोडे आढेवेढे घेतले, कारण पुस्तकातील क्रम मोडतो. त्यांना आम्ही सांगितले की, आमच्या मनगटासाठी म्हणून तरी मोडा.

या कळांना एक दोष आहे, तोही सांगावयास हवा. त्या त्या प्रणालीच्या असतात, संगीताच्या नसतात. अमेरिकेतील 'फिनाले' ही प्रणाली 1988 पासून चालत आली होती. कित्येक संगीतरचनाकारांचे सारे आयुष्य तिच्या कळांवर गेले. 2024 च्या ऑगस्टमध्ये तिच्या कंपनीने जाहीर केले की यापुढे ती वाढविली जाणार नाही. पस्तीस वर्षे बोटांत मुरलेले रस्ते एका पत्रकाने बंद झाले. आम्हांस ते वाचून आमच्या गावच्या जुन्या सायकल-रिक्षावाल्यांची आठवण झाली, ज्यांना प्रत्येक गल्ली ठाऊक होती. म्यूझस्कोअरमध्ये एवढी सोय आहे की 'प्रेफरन्सेस'मधील 'शॉर्टकट्स' या पानावर जाऊन कोणत्या कामाला कोणती कळ, हे आपल्या सवयीप्रमाणे बदलता येते. त्या मुलाने मात्र आम्हांस बजावले की बदलू नका. उद्या दुसऱ्याच्या संगणकावर बसाल तर परके व्हाल.

लुई ब्राय्य यांचे नाव आपण अक्षरांच्या लिपीसाठी घेतो. ते स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत, आणि 1829 साली त्यांनी आपली टिंबांची पद्धत प्रसिद्ध केली ती प्रथमपासूनच शब्दांसाठी आणि संगीतासाठी अशी दोन्हींकरिता होती. म्यूझस्कोअरच्या 2023 सालच्या 4.1 या आवृत्तीत अशी सोय आली आहे की आपण ज्या घरात असू त्या घराचे ब्राय्य संगीतलिपीतील रूप पडद्याखाली उमटते, आणि टिंबे वर-खाली करणारी पट्टी संगणकास जोडलेली असेल तर ते बोटांनी वाचता येते. ती पट्टी महाग असते. आमच्या शाळेजवळ नाही. मुलगा भारती ब्राय्य वाचतो, संगीताची ब्राय्य त्याला अजून येत नाही. आम्हालाही येत नाही. दोघांनी एकदमच शिकावयाचे ठरविले आहे. कोण आधी शिकेल याविषयी घरात पैज लागली असून सौभाग्यवतींनी आमच्यावर पैसे लावलेले नाहीत.

पाश्चात्त्य पाच रेघांत आपले सारे गाणे उतरते, असा दावा आम्ही करीत नाही. कण स्वर लहान अक्षराने दाखविता येतो, मींड वक्ररेषेने सुचविता येते. परंतु दरबारीच्या गांधाराचे आंदोलन कोणत्या कळेने लिहावे हे आम्हांस कोणी सांगावे. भातखंड्यांच्या स्वरलिपीलाही ते साधले नव्हते, आणि आमचे तीर्थरूप अशा जागी वहीत समासात एवढेच लिहीत: 'समोर बसून घ्यावे.' वहीत अशा जागा सव्वीस आहेत. त्या पुतणीला फोनवर गाऊन दाखवाव्या लागणार, आणि आमचा आवाज ऐकल्यावर ती व्हायोलिन सोडून तर देणार नाही ना, ही एक नवी काळजी आहे.

विष्णु दिगंबर पलुसकरांची गोष्ट ग्वाल्हेरचा माणूस सांगितल्याशिवाय राहत नाही, म्हणून जाता जाता सांगतो. लहानपणी फटाक्याने त्यांचे डोळे अधू झाले. पुस्तकी शिक्षण खुंटले, म्हणून ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकावयास गेले. ते बुवा ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात नेणारे. अधू डोळ्यांच्या या माणसाने पुढे 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि मुलांसाठी स्वतःची स्वरलिपी तयार केली. ही गोष्ट आम्ही त्या मुलाला सांगितली तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला: त्यांनी लिहिलेले त्यांना स्वतःला वाचता येत होते का? आम्हांस उत्तर देता आले नाही.

सध्या दर सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघे बसतो. वही आमच्या हाती असते, भिंग घेऊन आम्ही एकेक मात्रा वाचतो: स्वर, सप्तक, खूण. तो कळा दाबतो. आठ मात्रा झाल्या की तो आम्हांस थांबवितो, कंट्रोल आणि डाव्या बाणाने दोन घरे मागे जातो, लांब कळ दाबून ऐकतो आणि मान हलवितो किंवा हलवीत नाही. परवा एका ठिकाणी त्याने मान हलविली नाही. म्हणाला, "सर, येथे धैवत नसावा. ही चाल असा धैवत घेणार नाही. टिंब नीट बघा." आम्ही भिंग जवळ नेले. अक्षर पुसट होते. दिव्याखाली वही तिरकी धरली तेव्हा दिसले की वडिलांनी आधी 'ध' लिहून त्यावर फार पुसट 'प' काढला होता.

वहीची एकशे बारा पाने आहेत. आमची चौदा झाली आहेत. पंधराव्या पानावर वाळवी लागलेली आहे आणि तेथे एका अंताऱ्याची अर्धी ओळ गेली आहे. ती या सोमवारी घ्यावयाची आहे.